सोपानचं राहिलेलं पान

सोपान पाठ्यपुस्तक पेशंटला वाचून दाखवायचा. तेही ज्याच्या त्याच्या आजाराचा धडा, त्याच्याच खाटेशेजारी स्टूल ओढून.

मेडिकलच्या शेवटच्या वर्षी आमची महिनाभराची पोस्टिंग घोडेगावाकडच्या एका दवाखान्यात होती. मी चार रंगांच्या पेनांनी रेघा मारून अभ्यास करायचो. पानं इतकी देखणी व्हायची, की वाचावीशी वाटत नसत. सोपान लोणीचा, शेतकऱ्याचा पोरगा. "पेशंटला कळलं, तर आपल्याला कळलं," हा त्याचा मंत्र. सरांचा सकाळचा राउंड आटोपला, की दुपारी हा पुस्तक घेऊन वॉर्डात हजर.

धड्याचे त्यानं चार भाग पाडले होते: का झालं, काय होतं, काय करायचं आणि पुढं काय. सुरुवातीलाच चारही भागांची नावं सांगायचा, इंग्रजी शब्दही सोडायचा नाही. "प्रोग्नोसिस म्हंजी पुढं काय," असं ठासून सांगायचा. मधुमेहाचे एक रिटायर्ड गुरुजी ऐकता ऐकता घोरायला लागले, तर यानं दुसऱ्या दिवशी धडा पुन्हा पहिल्यापासून घेतला. "ते झोपलं म्हंजी मलाच नीट समजलं न्हाई, राव!"

निरगुडसर गावच्या सुंदरामावशी झोपणाऱ्यातल्या नव्हत्या. हृदयाची झडप गळत होती, पाय सुजले होते, जीभ मात्र ठणठणीत.

"मावशी, विहिरीवरच्या मोटारीचा फूटव्हॉल्व गळला, की चढलेलं पाणी माघारी येतं ना? तसंच तुमचं रगत."

"मग नवा बसव की. आमी बदलतोच."

"लई भारी प्रश्न!" म्हणत सोपान सरांकडे पळाला. परत आला तेव्हा तोंड उतरलं होतं. मावशींचं हृदय ऑपरेशन सोसणार नव्हतं, आणि दिवसही फार उरले नव्हते. त्यानं कसेबसे तीन भाग वाचून पुस्तक मिटलं.

"पुढं काय ते ऱ्हायलं," मावशी म्हणाल्या.

"उद्या वाचू."

तो उद्या चार दिवस लांबला. पाचव्या दिवशी आमची पोस्टिंगची परीक्षा झाली, आणि सोपानच्या वाट्याला नेमकी मावशींचीच खाट आली. आम्ही सगळे भोवती उभे. सोपान धडाधड उत्तरं देत होता नि मी मनातल्या मनात जळत होतो. मग सरांनी विचारलं, "प्रोग्नोसिस?"

इंग्रजीत बोललं की पेशंटला कळत नाही, अशी आम्हा सगळ्यांचीच समजूत. मावशींनी मात्र झटकन मान वळवून सोपानकडे पाहिलं. तो शब्द त्यांना त्यानंच शिकवला होता.

"आठवत नाही, सर," सोपान म्हणाला.

सर वैतागले, मार्क कापले. अहो, ते उत्तर मलासुद्धा येत होतं!

दुपारी त्यानं मावशींच्या मुलाला बोलावून घेतलं आणि स्टूल ओढलं. आज हातात पुस्तक नव्हतं. मी दारातूनच पाहिलं. तो हळूहळू बोलत होता, आणि मावशी त्याच्याच पाठीवरून हात फिरवत होत्या. मला माझ्या रंगीत रेघांची फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सर राउंडला आले, तशा मावशी उशीला टेकून ताठ बसल्या.

"सायेब, ह्याला प्रोग्नोसिस येतंय. काल समदं सांगितलं मला, कुटं चुकला न्हाई. मार्क द्या त्याला."

सोपान खाली बघत होता. त्याचं स्टूल ओढून सर मावशींजवळ बसले.