नोंदणीकृत यंत्राची तहान

आटगाव स्टेशनापासून चार किलोमीटर आत असलेल्या बोरपाड्यात, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, ओमकार वेखंडे याच्या घरच्या कॉम्प्युटरला एक्क्याण्णव अंश ताप भरला. त्या आठवड्यात पाड्यातल्या आणखी तिघांना ताप होता. पण ती माणसं होती, आणि त्यांच्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं.

कॉम्प्युटरवाचून मात्र बासष्ट घरांचं पाणी अडलं होतं. विहीर मार्चमध्येच तळाला गेलेली. टँकर हवा असेल तर रोज सकाळी नऊ ते अकरा या वेळात वेबसाइटवर मागणी नोंदवायची, आणि मागणी खरी आहे हे वरच्या ऑफिसला पटावं म्हणून प्रत्येक घरातल्या रिकाम्या हंड्याचा त्याच दिवशी काढलेला फोटो जोडायचा. बासष्ट हंडे चढायला चाळीस मिनिटं लागत. मोबाइलवरून हे चालत नसे. गावानं एकदा जे यंत्र नोंदवलं, त्याच यंत्रावरून आलेली तहान ग्राह्य धरली जाई. बोरपाड्याचं नोंदणीकृत यंत्र म्हणजे ओमकारचा कॉम्प्युटर, आणि तो पंचविसाव्या मिनिटाला, साधारण अडतिसाव्या हंड्याशी येऊन, डोळे मिटायचा. मग पुन्हा पहिल्या हंड्यापासून.

हा कॉम्प्युटर ओमकारनं स्वतः जोडलेला होता. कल्याणहून एकेक भाग आणून, पडवीत चादर अंथरून, दोन रविवार खपून त्यानं तो उभा केला, तेव्हा त्याची आई बाईजा हिनं नारळ फोडला होता आणि बायको दर्शनानं त्याला लोकरीचा झालरवाला झगा विणला होता. वेखंड्यांच्या घरात नवी वस्तू नवीच ठेवायची रीत आहे. फ्रिजच्या दारावरचा पारदर्शक कागद आठ वर्षं टिकून आहे. मोटरसायकलच्या सीटवरच्या प्लास्टिकनं तीन पावसाळे काढले. टीव्हीचा रिमोट तर पिशवीसकट आला आणि पिशवीतच म्हातारा झाला. या घरात वस्तू वापरतात. उघडी पाडत नाहीत.

सलग चौथ्या दिवशी टँकर आला नाही तेव्हा धोंडूबाई रिकामा हंडा घेऊनच पडवीत आली. चुलत्याची बायको म्हणून ओमकार तिला काकी म्हणे; सगळा पाडा तिला वचकून असे.

"काय झाला रे तुज्या मशीनला?"

"तापतंय, काकी."

"आमी पन तापतोय. आमी बंद पडलो का?"

ओमकारनं यंत्राचा झगा काढला. धूळ जाईल म्हणून दर्शना दोन दिवस बोलली नाही. ताप एक अंश उतरला. मग त्यानं बाजूला टेबलफॅन लावला. आतले तीन पंखे आधीच भाताच्या गिरणीसारखे ओरडत होते. टेबलफॅननं त्यांना साथ धरली. फोन आला की पडवीतल्या माणसाला ओट्यावर जाऊन बोलावं लागे.

तेव्हा बाईजानं आपला अनुभव पुढे केला. "माठ कसा गार ऱ्हातो? ओला गोनपाट गुंडालून. त्यालाबी गुंडाल."

यंत्राच्या डब्याला टेकणार नाही अशा बेतानं ओलं गोणपाट समोर टांगलं. ताप अठ्ठ्याऐंशीवर आला आणि बावन्न हंडे चढले. बावन्न म्हणजे बासष्टला फक्त दहा कमी. आता थोडं आणखी पाणी मिळालं तर पाणी मिळेल, असं दिसू लागलं. दर्शनाच्या माहेरून, सापगावाहून, एक जुना कूलर टेम्पोत घालून आणला. त्याला दिवसाला चाळीस लिटर लागे. म्हणून असं ठरलं की ज्याला टँकरचं पाणी हवं, त्यानं सकाळी हंड्याचा फोटो द्यायचा आणि सोबत एक तांब्या पाणी द्यायचं. फोटो आधी काढायचा की पाणी आधी ओतायचं यावर वाद झाला. हंडा रिकामा दिसायला हवा, म्हणून पाणी आधी.

ज्यांच्याकडे तांब्याभरही नव्हतं त्यांनी शेजारच्यांकडून उसनं आणून दिलं. कूलर भरला. बासष्ट हंडे चढले. टँकर आला. बोरपाड्यानं सुटकेचा श्वास टाकला, पण तो कुणाला ऐकू आला नाही, कारण कूलर चालू होता.

आवाजाची पहिली तक्रार नवशानं केली, आणि लेखी केली. नवशा पलीकडच्या भिंतीला राहतो आणि हळदीला डीजे भाड्यानं देतो.

"ओमकार, तुज्या पडवीचा आवाज आमच्या घरान येतं," कागद हातात देत तो म्हणाला. "पोरगी झोपं नाय."

"नवशादादा, तुझा डीजे वाजतो तेव्हा माझ्या कौलांची जागा बदलते."

"तो आनंदाचा आवाज हाय. यो नुसताच आवाज हाय."

मुद्दा बिनतोड होता. ओमकारनं यंत्राभोवती गोधडीचा आडोसा केला. आवाज गेला, ताप चौऱ्याण्णव झाला. गोधडी काढली, ताप उतरला, नवशा आला. गप्प केलं की तापायचं, गार केलं की बोंबलायचं. ओमकारला वाटलं, पाड्याची ग्रामसभासुद्धा अशीच चालते. पण ते तो कुणाशी बोलला नाही. त्यानं सरळ वरच्या ऑफिसला अर्ज केला: तक्रार, तापमान, तांब्या, सगळं लिहून.

अर्जाची दखल इतक्या तातडीनं घेतली गेली की पाडा घाबरला. तिसऱ्याच दिवशी जीपमधून दिशा मॅडम आल्या. त्या नव्यानं उघडलेल्या यंत्र-शीतकरण कक्षाच्या प्रमुख होत्या, आणि हा त्यांच्या कक्षाचा पहिला रुग्ण होता. त्यांनी पडद्यावरचा आकडा वाचला, कूलरमध्ये डोकावून पाहिलं आणि विचारलं, "याला पाणी कोण देतं?"

"आमी," धोंडूबाई म्हणाली. "घरटी एक तांब्या."

"पिण्याच्या पाण्यातलं?"

"दुसरा कनचा हाय?"

मॅडम गंभीर झाल्या. "हे नियमात बसत नाही. नोंदणीकृत यंत्र लोकवर्गणीच्या पाण्यावर ठेवता येत नाही. उद्या काही झालं तर जबाबदार कोण?"

त्यांनी तिथेच बसून आदेश लिहिला. माणसांना टँकर हवा असेल तर मागणी, फोटो, पडताळणी आणि फेरपडताळणी लागे. यंत्राची बाब 'अत्यावश्यक' या सदरात मोडत असल्यामुळे तिला यातलं काहीच लागत नव्हतं. यंत्राचं तापमान पंच्याऐंशी अंशांच्या वर आहे तोवर त्याच्या शीतकरणासाठी रोज एक टँकर, न मागता, मंजूर.

"मॅडम, याला चाळीसच लिटर लागतं," ओमकार प्रामाणिकपणे म्हणाला. "टँकर दहा हजारांचा असतो."

"चाळीस लिटरचा टँकर नसतो," मॅडम म्हणाल्या. "राहिलेलं पाणी तुम्ही गळतीत दाखवा."

त्या दिवसापासून बोरपाड्यात रोज टँकर येऊ लागला. पडवीतल्या वहीत ओमकार रोज नोंद करी: आवक दहा हजार लिटर, शीतकरण चाळीस, गळती नऊ हजार नऊशे साठ. गळती सकाळी साडेदहाला सुरू होई आणि तिच्यासाठी बायका साडेनऊपासून रांग लावत. गळतीत लोक आंघोळ करू लागले. गळतीवर डाळ शिजू लागली. नवशाच्या पोरीला दुधाची बाटली गळतीनं धुऊन मिळू लागली, तसा त्याला आवाजही सोसू लागला. "पोरीला सवय झाली," तो म्हणे. "आता बंद केला तं रडतं."

मे महिन्यात ओमकारचा मावसभाऊ सुरज सुट्टीला आला. तो आटगावाहून रोज कल्याणला जातो आणि तिथे एका दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त करतो. पडवीत शिरताच त्यानं कानांवर हात ठेवले. मग स्क्रू काढला, आतला मुख्य पंखा त्याच्या बुडाच्या तांब्याच्या चकतीसकट उचलला आणि ती चकती उलटी करून ओमकारपुढे धरली.

"दादा, हे काय?"

चकतीवर पारदर्शक प्लास्टिकचा पातळ कागद होता. त्यावर लाल अक्षरांत, तीन भाषांत, लावण्यापूर्वी काढा असं लिहिलेलं होतं.

"तो काढला नाही मी," ओमकार म्हणाला. "म्हटलं, नवं राहील."

"चकती नवी राहिली, आणि मशीन भाजलं. अरे, हिनंच तर सगळी गरमी ओढून घ्यायची असते. तू तिला रेनकोट घातलास. वर गरमी पुढे नेणारं मलम पण प्लास्टिकलाच चोळलंयस."

सुरजनं कागद सोलला, नवं मलम लावलं, पंखा बसवला, कूलर आणि टेबलफॅन बंद केले आणि बटण दाबलं. ओमकार वाट पाहत राहिला. यंत्र सुरू झालं होतं, पण आवाज नव्हता. पडद्यावर अठ्ठेचाळीस अंश दिसत होते. पडवीत कितीतरी दिवसांनी बाईजाच्या बांगड्या वाजलेल्या ऐकू आल्या.

शांतता पसरली तशी माणसं धावत आली. सगळ्यात पुढे धोंडूबाई.

"का रे, गप का झाला? मेला का काय?"

"बरं झालं, काकी," सुरज अभिमानानं म्हणाला. "अठ्ठेचाळीस. आता पाण्याचा थेंब नको याला."

धोंडूबाईनं एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा रांगेतल्या हंड्यांकडे. ती शाळेत गेलेली नव्हती, पण आदेश तिला पाठ होता.

"पंच्याऐंशीच्या वर ऱ्हायला पायजे ना रे, ओमकार?"

ओमकारनं मान हलवली.

"मंग उद्या टँकर कोनाच्या नावानं येल? याचा ताप तं गेला."

पुन्हा बासष्ट फोटो, पडताळणी, फेरपडताळणी. ओमकारला स्वतःची लाज वाटत होती. महिनाभर आपण एका कागदापायी गाव उन्हात उभं केलं, हे आज सगळ्यांना कळलं, असं त्याला वाटलं. पण त्याच्याकडे कुणी रागानं पाहत नव्हतं. सगळे सुरजच्या बोटांत लोंबणाऱ्या प्लास्टिककडे पाहत होते.

"लाव तो परत," धोंडूबाई म्हणाली.

"काकी, बारा वर्षं झाली मला या लाइनमध्ये," सुरज म्हणाला. "हा काढायला लोक पैसे देतात. लावायला कुणी सांगितलेलं नाय."

"आमी सांगतो. लाव, बाबा. नीट लाव. सुरकुती नको पडाया."

कागद परत लागला. वीस मिनिटांत गिरणी सुरू झाली आणि नवशाची पोर झोपली.

त्यानंतरच्या आठवड्यात दिशा मॅडमची पाहणी होती. नेमकं त्या सकाळी आभाळ आलं आणि वारा सुटला, आणि यंत्र ब्याऐंशीच्या वर जाईना. पाड्यात धावपळ उडाली. दर्शनानं लोकरीचा झगा आणला. धोंडूबाईनं स्वतःच्या अंगावरची गोधडी आणून पांघरली. बाईजानं शेगडी पेटवून टेबलाखाली सरकवली. दोन बायका सुपानं वारा घालत होत्या, निखाऱ्यांना. जीप वळणावर दिसली तेव्हा आकडा सत्त्याऐंशी झाला. मग गोधडी, झगा आणि शेगडी आतल्या खोलीत गेली आणि कूलर चालू झाला.

मॅडमनी आकडा पाहिला आणि शेरा लिहिला: प्रकृती चिंताजनक, योजना यशस्वी.

"फक्त एक," जाताना त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे गळती फार दिसते. बासष्ट घरांच्या वस्तीत नऊ हजार नऊशे साठ लिटर गळतं म्हणजे जातं कुठे?"

धोंडूबाईनं पदरानं तोंड पुसलं. "मुरतं, बाई."

बोरपाड्याची ही हकिगत ज्यांना हास्यास्पद वाटली असेल, त्यांनी उठून आपल्या टीव्हीच्या रिमोटवरचं प्लास्टिक निघालं आहे का, ते एकदा पाहून यावं. उठलाच आहात तर मोरीतला नळही पाहावा. तो चालू राहिला असेल तर बंद करावा. तुम्ही मुंबईकडचे असाल, तर ते पाणी ज्या जाड पाइपातून तुमच्याकडे येतं, तो पाइप बोरपाड्याला लागूनच जातो. त्याला गळती नाही.