गळक्या नळांचा प्रकल्प

शाळेतले सगळे नळ दुरुस्त झाले आणि विज्ञानाच्या सरांनी कपाळाला हात लावला.

वास्तविक नळ दुरुस्त होणं ही चांगली गोष्ट. ते वर्षानुवर्षं गळत होते आणि त्याबद्दल कुणाचं काही म्हणणंही नव्हतं. पण यंदा वरून हुकूम आला, की नववीने एक अभिनव प्रकल्प करायचा आणि त्यात विद्यार्थ्यांचा सहभाग दिसला पाहिजे. सहभाग नेमका कसा दिसतो, हे मात्र कुणी सांगितलं नाही. सरांनी वर्गात विचारलं, "आपल्या शाळेत शिकण्यासारखं असं काय आहे, जे पुस्तकात नाही?" मागच्या बाकावरून उत्तर आलं, "सर, नळ."

झालं! पोरांनी प्रत्येक नळाखाली बाटल्या लावल्या, थेंब मोजले, तक्ते केले. वर्गात कधी तोंड न उघडणारी एक मुलगी तर जिन्याखालच्या नळावर असा काही पहारा देऊ लागली, की सगळे तिला 'कॅप्टन' म्हणायला लागले. मुलं एखाद्या गोष्टीने इतकी झपाटलेली सरांनी आजवर पाहिली नव्हती.

आणि सरांना ते हवंच होतं. सर हंगामी होते. ही त्यांची चौथी शाळा. दर वेळी बिऱ्हाड हलायचं आणि लेकीची शाळा बदलायची. परवा तिने जेवताना विचारलं होतं, "बाबा, इथे मैत्रीण करू का, की आपण पुन्हा जाणार आहोत?" सरांनी तिच्या ताटात आणखी एक पोळी वाढली होती. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, साफ सांगून टाकलं होतं, "तपासणीच्या साहेबांना प्रकल्प आवडला, तर तुमच्या नोकरीचं बघता येईल. नाहीतर माझे हात बांधलेले आहेत."

साहेब येणार म्हणून त्याच मोठ्या बाईंनी आदल्या दिवशी प्लंबर बोलावला होता.

"बाई, एकही नळ गळत नाहीये हो!" सर धावत त्यांच्या खोलीत शिरले.

"मग आभार माना माझे."

"अहो, पण माझा प्रकल्पच गळक्या नळांचा आहे!"

 हे बाईंच्या ध्यानातच आलं नव्हतं. पण चूक कबूल करायची त्यांना सवय नव्हती.

"तक्ते आहेत ना? तेच दाखवा."

"साहेब तक्ते बघत नाहीत. कागद कुणीही रंगवतो, प्रत्यक्ष दाखवा, म्हणतात. शेजारच्या शाळेला त्यावरूनच नापास केलं."

"मग काय, साहेबांसाठी शाळा गळकी ठेवू? तुमचं तुम्ही निस्तरा."

माणसाच्या मेहनतीवर पाणी पडतं, असं आपण म्हणतो. सरांच्या मेहनतीवर पाणी पडेना, हीच त्यांची अडचण होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी अंगणातल्या टाकीचा मुख्य व्हॉल्व्ह बंद केला, प्रयोगशाळेबाहेरचा एक नळ खोलला आणि आतली रबरी चकती, म्हणजे वायसर, काढून खिशात टाकली. फक्त एक नळ. बारीकशी धार लागली तरी भागलं असतं. नळ पुन्हा बसवतात न बसवतात तोच शिपाईकाका धापा टाकत आले, "सर, साहेब आले! लवकर आले!" सर तसेच पळाले. व्हॉल्व्ह बंदच राहिला.

साहेब उंच, वाळके आणि अत्यंत गंभीर होते. मोठ्या बाईंनी त्यांना खोलीत बसवून चहा दिला, शाळेचा इतिहास सांगितला, मग सगळी इमारत फिरवून दाखवली. तेवढ्या वेळात वर्गात मुलांची चुळबुळ चालली होती.

"सर, पाणी पिऊन येऊ?"

"ये."

"सर, मीपण?"

"जा बाबा."

एकामागून एक सगळा वर्ग पाणी पिऊन आला. नळांना पाणीच नव्हतं, हे सरांच्या डोक्यात यायला हवं होतं. पण त्यांचं डोकं ठिकाणावर कुठे होतं?

साहेब वर्गात आले. कॅप्टनने एका दमात सगळी माहिती सांगितली. साहेबांचा चेहरा जराही हलला नाही.

"कागद कुणीही रंगवतो," ते म्हणाले. "गळणारा नळ दाखवा."

"आत्ता दाखवतो, साहेब!" सर अंगणात धावले आणि त्यांनी व्हॉल्व्ह पूर्ण सोडला.

आधी भिंतींतून गुरगुर ऐकू आली. मग वरच्या मजल्यावर कुणीतरी किंचाळलं. सर वर पोचले तेव्हा जिन्यावरून पाणी खाली येत होतं, मुलामुलींच्या दोन्ही स्वच्छतागृहांतून लोंढे वाहत होते आणि मोठ्या बाईंच्या बंद खोलीच्या दाराखालूनही पाणी येत होतं. सर उलट्या पावली खाली पळाले, व्हॉल्व्ह बंद केला आणि चिंब होऊन वर्गात परतले.

साहेब पहिल्या बाकावर उभे होते. बूट हातात होते. बाई साडी सावरत दारात उभ्या होत्या.

"हे कुणी केलं?" साहेबांनी वरून विचारलं.

सरांना लेक आठवली. पण खोटं बोलायचं तर मुलांच्या देखत बोलावं लागलं असतं. त्यांनी खिशातला वायसर टेबलावर ठेवला.

"मी, साहेब. पण मी एकच नळ खोलला होता. शपथेवर सांगतो."

"मग बाकीचे?"

कॅप्टन उठली. तिने कंपासपेटी उघडून एक वायसर सरांच्या वायसरशेजारी ठेवला.

"सरांना काही बोलू नका, साहेब. नळ गळला नाही तर सर जाणार, असं शिपाईकाका म्हणाले. म्हणून मी जिन्याखालचा काढला. मला वाटलं, मी एकटीच आहे."

मग मागच्या बाकावरचा उठला. मग त्याच्या शेजारचा. कुणी खिशातून काढला, कुणी डब्यातून, कुणी मोज्यातून. आपापसांत कुणीच कुणाला सांगितलं नव्हतं. बघता बघता टेबलावर ढीग झाला. ज्यांना नळ मिळाला नव्हता, त्यांनी दाराशी पहारा दिला होता, असं त्यांनी स्वतःहून सांगितलं.

साहेबांनी बाकावरूनच वाकून त्या ढिगातला एक वायसर उचलला.

"इतकी वर्षं मी शाळाशाळांतून विद्यार्थ्यांचा सहभाग तपासतो आहे," ते म्हणाले. "आज पहिल्यांदा दिसला. बाई, नळ दुरुस्त करून घ्या. सर मात्र हेच ठेवा. तसं लिहून देतो मी."

साहेबांनी हातातले बूट बाकावर ठेवले.

"फक्त एक राहिलं," साहेबांचा आवाज पुन्हा कडक झाला. "माझी बॅग मुख्याध्यापिकांच्या खोलीत आहे आणि पाणी तिथूनही आलं. मुलांना त्या खोलीत जायची परवानगी नाही, असं मघाशी बाईच म्हणाल्या. तिथला नळ कुणी खोलला?"

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणीच उठलं नाही.

मोठ्या बाईंनी पदर खांद्यावर नीट घेतला, खाली मान घातली आणि हळूच हात वर केला.

तेव्हा सरांना रडू फुटलं. ते कुणाला दिसलं नाही, कारण सगळा वर्ग तोंड उघडं टाकून बाईंकडेच बघत होता.