व्हिन्सचं चार पानी पत्र

नेलिदा उआमान पेरूहून अमेरिकेत पॅटरसनला आली ती व्हिन्स पगानोशी लग्न करून. ग्रीन कार्ड मिळालं ते त्याची बायको म्हणूनच. पुढे घटस्फोट झाला आणि नागरिकत्वाचा अर्ज करायला तिला तीनऐवजी पाच वर्षं थांबावं लागलं. पाच वर्षं संपली, मुलाखतीची तारीख आली, आणि आठवडाभर आधी तळघरात पाणी शिरून लग्नाचे फोटो, भाडेकरार, एकत्र भरलेले कर असं सगळं त्या चिखलात गेलं.

तिच्या वकीलबाई म्हणाल्या, लग्न खरं होतं की नुसतं कार्डासाठी, हे मुलाखतीत विचारणारच. निदान नवऱ्याचं पत्र तरी आणा.

व्हिन्स छपरं दुरुस्त करायचा. दोन वर्षांत तिने त्याला फोन केला नव्हता. तो फारसं काही न विचारता हो म्हणाला आणि मुलाखतीच्या सकाळी बंद पाकीट देऊन गेला. ते फोडायचा तिला धीर झाला नाही.

अधिकारी वयस्कर होता. त्याने तिला शपथ दिली, इतिहासाचे प्रश्न विचारले. ते तिला आले. मग त्याने पाकीट फोडलं. आत चार पानं होती, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. तो बराच वेळ वाचत राहिला.

"तुम्ही जानेवारीत खिडकी उघडी ठेवून झोपायचात?"

नेलिदाने मान खाली घातली. "हो. त्याच्या बुटांना वास यायचा."

"त्याच्या वडिलांची आरामखुर्ची चर्चच्या बाजारात देऊन टाकलीत, त्याला न विचारता?"

"त्यात उंदरीण व्याली होती, साहेब."

"त्याने तसं लिहिलेलं नाही."

"तो कशाला लिहील? खुर्चीत बसायचा तो, पिल्लं उचलायची मी."

अशा एकवीस तक्रारी होत्या. शपथेवर असल्यामुळे तिला एकोणीस कबूल कराव्या लागल्या. आता सामान बांधायला लागणार, असं ती मनाशी धरून चालली. शेवटच्या पानावर मात्र अधिकारी थांबला आणि त्याने तेवढं मोठ्याने वाचलं. 'तिची आई गेली तेव्हा मी तिच्याबरोबर पेरूत त्रुहियोला गेलो. विमानात सहा तास तिने माझा हात धरला होता. माझा हात बधिर झाला, पण मी तो हलवला नाही. आम्ही चांगले नवरा-बायको नव्हतो. पण नवरा-बायको होतो.'

नेलिदाला तो हात आठवत होता. बधिर झाल्याचं मात्र त्याने कधी सांगितलं नव्हतं.

अधिकाऱ्याने मंजुरीचा शिक्का मारला.

घरी आल्यावर तिने व्हिन्सला फोन केला. आभार मानायच्या आधी खुर्चीवरून दहा मिनिटं भांडण झालं. मग तो जरा चाचरत म्हणाला, "माझंही एक काम आहे. जूनमध्ये लग्न करतोय. डोलोरेस म्हणते, पहिलीने का सोडलं ते तिच्याच हातचं लिहिलेलं आण."

"आणि मी खरं लिहिलं तर?"

"नेली, तुला हवं होतं ते मिळालं ना?"

नेलिदा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लिहायला बसली. बुटांचं लिहिलं, खोडलं. उंदरांचं लिहिलं, खोडलं. शेवटी उरलं ते अर्धं पान तिने स्वच्छ उतरवून काढलं आणि एकदा वाचून पाहिलं. इतका चांगला नवरा आपण का सोडला, हे त्या पत्रावरून तिला काही केल्या कळेना.