कंबर असलेली पिन

शेवटी चंद्रभागा नाशिकला राहायला आलीच नाही. पण हे वाक्य आपण वाचलंच नाही असं समजू. कारण गोष्ट सुरू होते तेव्हा ती येणारच होती, आणि सातपूरच्या एका पत्र्याच्या कारखान्यामागच्या खोलीत मल्हारी तिच्यासाठी आरसा लावत होता.

उंची मोजायला त्याला पट्टी लागली नाही. चंद्रभागेचं कपाळ त्याच्या सदऱ्याच्या दुसऱ्या गुंडीपाशी यायचं. तिथं त्यानं खिळा ठोकला. लग्न झाल्यापासून ती नांदगावला सासूसासऱ्यांपाशी आणि हा इथं नाशिकात, घोरणाऱ्या तिघांबरोबर दुसऱ्याच एका भाड्याच्या खोलीत. गेल्या रविवारी तिनं विचारलं होतं, "खोलीला खिडकी हाय का?"

"हाय की. पेरूचं झाड दिसतं."

"मग पेरू लागले की न्या. नुसत्या फांद्या बघायला मी नाय यायची."

पण बस थांब्यावरून सुटेपर्यंत ती तिथंच उभी होती.

ही खोली कारखान्याच्या मालकाची, म्हणजे धोंडीरामशेठची. "टेपच्या मशीनवरचा पहिला माल पास झाला, की खोली तुझी," असा शेठचा शब्द होता. हे मशीन शेठनं त्याच वर्षी, म्हणजे पंच्याऐंशी साली, मुंबईच्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून आणलं होतं. कागदी फितीवर भोकं पाडून द्यायची; ती वाचून मशीन आपलं आपण लोखंड कातायचं. करायच्या होत्या पंपाच्या पिना, मनगटाएवढ्या जाड आणि सरळसोट. नमुन्याची पिन सरळ निघाली, त्याच संध्याकाळी मल्हारीनं स्टोव्ह घेतला.

मग खंडेनवमी आली. शेठच्या आई सुलाबाई हत्यारांच्या पूजेला आल्या. हातोडी, कानस, जुनी लेथ, सगळ्यांना हळदीकुंकू लागलं. टेपच्या मशीनपुढे मात्र त्या थबकल्या.

"मल्हारी, ह्याचं कपाळ कुठंय रे?"

"त्याला कपाळ नाही, आई. सगळी अक्कल ह्या फितीत."

"मग तिथंच लावायला हवं," म्हणत सुलाबाईंनी फितीवर एक बोट हळदीचं आणि शेजारी एक बोट ओल्या कुंकवाचं टेकवलं.

आता, मशीन तसं संशयी होतं. फितीवरच्या प्रत्येक ओळीतली भोकं सम संख्येत आहेत ना, एवढं ते बघायचं. एखादं बुजलं असतं तर अडून बसलं असतं. पण हळदीकुंकू जोडीनंच लागतं. ओळीओळीत दोन-दोन भोकं बुजली, हिशेब सम राहिला आणि मशीनला वाटलं, सगळं ठीक आहे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मल्हारीनं सळई भरली, बटण दाबलं आणि तो साड्यांसाठी वलणी बांधायला खोलीत गेला. दोरी कितीही ताणली तरी मधे झोळ पडत होता, आणि त्या झोळात त्याला हिरवी साडी दिसत होती. तो परत आला तेव्हा सगळी सळई संपली होती आणि पंपाच्या कंपनीचा तपासनीस शेठबरोबर दारात उभा होता.

तपासनिसानं एक पिन उचलली. "हे काय आहे?"

"पिन, साहेब," शेठ म्हणाला.

"हिला कंबर आहे."

"थोडीशीच."

"डोकंही आहे."

"मुळात नव्हतं, साहेब. बत्तीस वर्षांच्या धंद्यात असं—"

"माल नापास," तपासनीस म्हणाला आणि पुरावा म्हणून एक पिन घरी घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मल्हारी ओला बोळा घेऊन फीत पुसायला धावला. पुसली की पिना सरळ, माल पास, चंद्रभागा बसमध्ये. तेवढ्यात तपासनिसाची बायको फुलाबाई ती पिन हातात नाचवत कारखान्यात हजर झाली.

"काय लसूण ठेचतोय हो तुमचा बत्ता! आमच्या भिशीतल्या सगळ्या बायकांना पाहिजेत."

चार दिवसांत भांडी बाजारातून दुकानदारही आला. पंपाच्या पिनांचं नाव मग शेठनं पुन्हा काढलं नाही.

"त्या फितीला बोळा लावलास तर बघ!" तो मल्हारीला म्हणाला.

"आणि शेठ, खोलीचं?"

"माल पास झाला की देणार होतो ना? हा पास कुठं झालाय? हा नुसता खपतोय." मग शेठ जरा ओशाळला. "आणि एवढे बत्ते ठेवू कुठं, तूच सांग."

बत्ते खोलीत गेले. थप्पी दुसऱ्या गुंडीपर्यंत आली. आरशात तेवढेच दिसू लागले. खिडकीबाहेर पेरू लागले होते. मल्हारीनं कागद घेतला आणि लिहिलं:

"मा. मालकसाहेब यांचे सेवेशी. विषय: राहण्याच्या जागेबाबत. वरील विषयास अनुसरून सविनय विनंती की, सदर खोलीत यापुढे फक्त तयार माल ठेवावयाचा असल्याने, अर्जदार व त्याची पत्नी सौ. चंद्रभागा यांची नोंद तयार मालात करण्यात यावी. दोघांना एकाच थप्पीत, खिडकीच्या बाजूस ठेवावे आणि पेरू संपेपर्यंत विक्रीस काढू नये, ही नम्र विनंती."