टोमॅटोंची पांघरुणं

टप्!

दुपारच्या त्या मऊ शांततेत हा एवढासा आवाज म्हणजे तोफच! ओट्यावरचा एक टोमॅटो खाली पडला होता. बरं, पडला तर पडला, गप्प बसावं की नाही? पण नाही! गडगडत, वळणं घेत, स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडून स्वारी थेट झोपायच्या खोलीकडे निघाली.

"अरे थांब, थांब ना!" बटणची आई कुजबुजत त्याच्यामागे धावली.

या घरात दुपारी सगळं कुजबुजतच चालायचं. बटणचे बाबा बेकरीत भट्टीवर. पहाटे तीनला घर सोडायचे, दुपारी परतायचे आणि अंगाला लागलेल्या पिठासकट पाच वाजेपर्यंत झोपायचे. त्यामुळे सासूबाईंनी या घराला एक नियम घालून दिला होता: झोपलेल्याला हाक मारायची नाही, हात लावायचा नाही, त्याच्याजवळ मोठ्यानं बोलायचं नाही. दारावरच्या घंटीला लोकरीचा मोजा घातलेला असे. खुर्च्यांच्या पायांनाही मोजे. बटण आता चार वर्षांची, पण चालायला शिकताना तिनं पहिली पावलं टाकली तीसुद्धा चवड्यांवर!

आणि आज तर बटणच्या आईनं सकाळीच फोनवर छाती पुढे काढून बढाई मारली होती.

"संध्याकाळी येते गं. येताना डबा आणते," सासूबाई म्हणाल्या होत्या.

"मुळीच नाही! आज तुम्ही माझ्या हातचं जेवायचं. यांच्या बेकरीतला पाव आणि सोबत चीज घालून भाजलेले टोमॅटो. दहा मिनिटांचं काम आहे!"

सासूबाईंनी तीस वर्षं एका मोठ्या रुग्णालयाचं स्वयंपाकघर सांभाळलं होतं. दोनशे माणसांच्या सुपाला त्या नुसत्या नजरेनं उकळी आणत, असं म्हणत.

"बघू," त्या म्हणाल्या. "जमलं तर उत्तमच. नाही जमलं, तर सोमवारपासून मीच येत जाईन रोज दुपारी दोन वाजता. तुला तेवढीच मदत."

दोन वाजता! दोन ते तीन हा तर बटणच्या आईचा तास होता. आत नवरा झोपलेला, शेजारी बटण झोपलेली, आणि ती खिडकीत गरम चहा घेऊन बसलेली. काय करायची? काहीच नाही! समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी वाऱ्यानं फुगायच्या, आणि ती त्यांच्यात बसून निघायची. कधी समुद्रापलीकडे, कधी ढगापलीकडे. तीनच्या ठोक्याला परत. कुणाला सांगायची सोय नव्हती. 'मी रोज तासभर चादरीत बसून फिरते' असं सासूला कोण सांगणार?

आजही ती टोमॅटो धुऊन ओट्यावर मांडताना जरा त्या चादरींकडे बघायला गेली, आणि तेवढ्यात टप्!

टोमॅटो एका छोट्याशा पावलाला धडकून थांबला. दारात बटण उभी. बटण हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. न दाबताच चालू होते म्हणून बाबांनी ठेवलेलं!

"आई, हा कुठे चालला होता?"

इथे "कुठे नाही, पडला" एवढं म्हटलं असतं की गोष्ट संपली होती. पण बटणच्या आईला गोष्टीचं टोक दिसलं की ते ओढून बघितल्याशिवाय राहवत नसे.

"त्याला झोप येत नव्हती," ती कुजबुजली. "म्हणून फिरायला निघाला होता."

"मग आता?"

"आता आपण त्याला झोपवू या."

"आणि बाकीच्यांना?"

"सगळ्यांना!"

झालं! दहा मिनिटांचं काम तिथून जे लांबलं! सहाही टोमॅटोंची आधी अंघोळ झाली, कारण पहिल्या अंघोळीला बटण हजर नव्हती. मग तेलानं मालिश. मग सुरी.

"सुरी कशाला?" बटणचे डोळे वाटीएवढे.

"टोप्या काढायला. झोपताना कुणी टोपी घालतं का?"

हे बटणला पटलं. देठाकडच्या सहा टोप्या काढून ताटलीत नीट मांडल्या गेल्या. मीठ म्हणजे अंगाला लावायची पावडर. एकेक लसणाची पाकळी उशाला. ओव्हनचा ट्रे म्हणजे गादी. आणि चीज म्हणजे अर्थातच पांघरूण! पहिल्या टोमॅटोचे पाय उघडे राहिले म्हणून दोन पांघरुणं. मग दुसरा रुसेल म्हणून त्यालाही दोन. मग बटणनं प्रत्येकाला वेगळी अंगाई म्हटली, तीही कुजबुजत. चौथ्याच्या अंगाईला बटणच्या आईच्याच पापण्या जड झाल्या.

साडेचार वाजले! तिचा तास गेला, चहा निवला, समोरच्या चादरी कुणीतरी काढूनही नेल्या. पण ट्रे काय सुरेख दिसत होता! पाच वाजता तिनं तो ओव्हनमध्ये ठेवला.

"ही त्यांची उबदार खोली," ती म्हणाली.

"गाढ झोपतील?"

"एकदम गाढ!"

याच वाक्यानं पुढे तिचा घात केला.

साडेपाचला सासूबाई आल्या. मोजा घातलेली घंटी 'भुक्' करून वाजली. त्या आत आल्या, चपला काढल्या आणि दारातच उभं राहून एक दीर्घ श्वास घेतला.

"वास तर बरा आहे," त्या म्हणाल्या.

बरा! सासूबाईंच्या तोंडून बरा! बटणच्या आईला टाळ्या ऐकू यायला लागल्या. तिनं ट्रे टेबलावर आणला. चीज वितळून कडांना सोनेरी झालं होतं, टोमॅटो आत हळूच रटरटत होते. बाबा नुकतेच उठून डोळे चोळत बसले होते. सासूबाईंनी मोठा चमचा उचलला.

"शूऽऽऽ!"

चमचा हवेतच थांबला.

"आजी, ते झोपलेत," बटण ओठांवर बोट ठेवून म्हणाली.

"कोण गं?"

"टोमॅटो. झोपलेल्याला हात लावायचा नाही. तूच सांगितलंस!"

सासूबाईंनी सुनेकडे बघितलं. सुनेनं छताकडे.

"अगं, पण हे खायचे टोमॅटो..."

"हळू बोल ना!" बटणचा खालचा ओठ थरथरला. या घरात तो ओठ थरथरला की पुढची दहा मिनिटं शेजाऱ्यांनाही ऐकू जात.

आता सासूबाईंची पंचाईत! नियम त्यांचा, आणि नियम मोडणारा माणूस त्यांना आयुष्यात कधी चालला नव्हता. त्यांनी चमचा आवाज न करता खाली ठेवला.

"मग उठणार कधी?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"त्यांची झोप झाली की, स्वतःहून."

"बघू या थोडी वाट," बाबा कुजबुजले. "भट्टीतून काढलेल्याला जरा निवू द्यावंच लागतं." या माणसाला कुठल्याही प्रश्नावर वाट बघणं हेच उत्तर सुचे, कारण वाट बघताना डुलकी घेता येते.

चौघंही वाट बघत बसली. भूक लागली म्हणून पाव खाल्ला, तोही कोरडा, तोही आवाज न करता. पावाचं कुरकुरीत कवच दाताखाली मोडलं की बटण डोळे वटारायची. मग सगळे तो तुकडा तोंडात भिजवून खाऊ लागले. ट्रेमधलं चीज हळूहळू आकसत होतं. मघाची मऊ दुलई बघता बघता रेनकोट झाली. 'गेलं,' बटणची आई मनात म्हणाली. 'सोमवारी दोन वाजता घंटी भुक् करणार!'

खिडकीतून उतरतं ऊन आत आलं. टेबलावर, पावाच्या चुऱ्यावर, सासूबाईंच्या हातांवर पसरलं. तीस वर्षं मोठमोठी पातेली उचललेले ते हात मांडीवर उलटे पडले होते. आधी बाबांची मान छातीवर टेकली. मग बटण आजीच्या कुशीत सरकली आणि तिचं बटण बंद झालं. आणि मग, कधी कुणासमोर साधी जांभईही न देणाऱ्या सासूबाई, खुर्चीत बसल्या बसल्या, तोंड किंचित उघडं ठेवून शांत झोपल्या.

घर कसं पाण्याखाली गेल्यासारखं झालं. बटणच्या आईनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं. दोन ते तीनचा हरवलेला तास हा इथे सापडला होता!

ती खिडकीत बसली. समोरच्या गच्चीवर चादरी नव्हत्या, पण एक केशरी ढग होता. तोही चालला असता. ती त्यात बसून निघाली. वाटेत भूक लागली तर असू दे म्हणून हाताशी ट्रे आणि चमचा. फक्त एक चाखून बघायचा, म्हणजे निदान बिघडलं काय ते कळेल. पण बिघडलं कुठे होतं! गार झालेला टोमॅटो आंबटगोड लागत होता, लसूण विरघळला होता, चीज लांबच लांब ओढलं जात होतं. ढग छपरांवरून सरकला, तिनं एक घास घेतला. ढग झाडांवरून गेला, आणखी एक. ढग निवांत होता, तिलाही घाई नव्हती...

चमचा रिकाम्या ट्रेवर खरवडला तेव्हा ती जमिनीवर आली. सगळी गादी मोकळी! मागे उरली होती चिमूटभर लसणाची साल आणि ताटलीतल्या सहा टोप्या.

"टोमॅटो कुठेत?"

बटण जागी झाली होती. तिच्या आवाजानं बाबाही. सासूबाईही डोळे उघडून बसल्या होत्या.

"ते... उठले," बटणची आई म्हणाली. "उठून गेले."

"स्वतःहून?"

"अगदी स्वतःहून!"

बटणनं आजीकडे बघितलं. या घरात शेवटचा शब्द आजीचा. सासूबाईंनी रिकामा ट्रे पाहिला, चमचा पाहिला, सुनेचा चेहरा पाहिला.

"हो गं," सासूबाई म्हणाल्या. "मी पाहिलं ना जाताना. चांगले झाले होते, म्हणूनच एकही मागे राहिला नाही."

मग त्या सुनेकडे झुकून कुजबुजल्या, "तीस वर्षांत अशी झोप लागली नव्हती मला. सोमवारपासून येतेच मी दोन वाजता."

"मदतीला?" तिनं विचारलं.

"छे! झोपायला. तू आपली बस खिडकीत."

बटणच्या आईच्या डोळ्यांत एकदम पाणीच आलं. ती काहीतरी छानसं बोलणार, तेवढ्यात बटण खुर्चीवर चढली, आपलं नाक आईच्या नाकाला लावून बराच वेळ निरखत राहिली, आणि एका बोटानं तिच्या हनुवटीवरचा चीजचा वाळलेला धागा हळूच सोडवत म्हणाली,

"आई, ते स्वतःहून गेले, तर त्यांचं पांघरूण तुझ्या हनुवटीवर कसं?"