शर्यतीची तालीम आणि भिकुबाईच्या बिबड्या

धुळ्यात सायकली पुष्कळ आहेत, सायकलस्वार मात्र एकच, आणि तो मी! बाकीचे नुसते घंटी वाजवत हिंडतात.

दिवाळीनंतरच्या धुळे-पारोळा शर्यतीत तोताराम माझ्या पुढे गेला, हे खरं. पण कसा? पारोळ्याला किल्ल्यापाशी वळताना मी बाभळीच्या कुंपणात शिरलो, आणि परतताना शेवटच्या टप्प्यात माझा दम संपला. एवढ्या दोन किरकोळ गोष्टी सोडल्या तर शर्यत मीच जिंकली होती! तोताराम कसला सायकलस्वार? गडी पेडल मारतो ते चिखल तुडवल्यासारखं!

होळी झाली. ऊन तापलं. गावातल्या सगळ्या वीरांनी सायकली भिंतीला टांगल्या आणि आडवे झाले. म्हटलं, झोपा लेकांनो! मी या बंद हंगामातच तालीम करणार!

गुरू म्हणून बन्सीलालला धरलं. हा गृहस्थ सायकलवर बसून कोपऱ्यापलीकडे कधी गेलेला नाही. पण पुण्याला मामाकडे राहून आला होता, तिथल्या शर्यती गच्चीवरून पाहिल्या होत्या आणि येताना एक शिट्टी आणली होती. धुळ्यात गुरू व्हायला एवढं पुरतं!

"सुकदेव," बन्सीलाल म्हणाला, "तुला दोन रोग आहेत. वळता येत नाही आणि पळता येत नाही."

"मग उरलं काय?" आमच्या बायकोनं, कमलबाईनं, आतून विचारलं. बायकांना खेळातलं काय कळतं!

आमच्या गल्लीमागे कापसातली सरकी काढायचा जिन आहे. उन्हाळ्यात तो बंद, आवार मोकळं. तिथे बन्सीलालनं पालथी मडकी मांडली. मडक्यांमधून सायकल नागमोडी काढायची, आणि शिट्टी वाजली की पेडलांवर उभं राहून जीव खाऊन सुटायचं. मी एकामागून एक सगळी मडकी फोडली. बन्सीलाल लिंबाखाली बिडी ओढत म्हणाला, "प्रगती आहे."

एका सकाळी गेलो तर आवारभर खाटा! भिकुबाईच्या लेकीचं लग्न ठरलं होतं आणि तिच्याबरोबर सासरी बिबड्यांची, म्हणजे आमच्याकडच्या पापडांची, टोपली द्यायची होती. गल्लीतल्या बायकांनी पहाटेपासून ज्वारीचं पीठ शिजवून, खाटांवर ओली लुगडी अंथरून त्यांवर बिबड्या थापल्या होत्या.

"वा!" बन्सीलाल खूश. "आता मडकी कशाला? खाटांमधून काढ!"

"अहो, वाळवण आहे ते."

"पारोळ्याचं वळण तुला विचारून वळणार आहे का?"

"सुकदेव भाऊ, लांब ऱ्हाय बरं!" भिकुबाई ओरडली. "पोरनं लगीन शे!"

"अक्का, बिलकूल घाबरू नका! सायकल माझ्या हुकमात आहे!"

पहिली खाट चुकवली. दुसरीही! काय ते वळण, काय तो झोक! तिसऱ्या खाटेपाशी मी जरा रुबाबात मान वळवून बायकांकडे पाहिलं. तेवढ्यात लोंबणारा लुगड्याचा पदर माझ्या कॅरिअरमध्ये अडकला आणि खाट उताणी पडली!

मी थांबणारच होतो. पण बन्सीलालनं घाबरून शिट्टी फुंकली! शिट्टी म्हणजे सुटायचं! मी पेडलांवर उभा राहिलो आणि फाटकातून बाणासारखा बाहेर पडलो. मागे लालभडक लुगडं फडफडतंय, त्याला चिकटलेल्या ओल्या बिबड्या रस्त्यावर टपाटप गळताहेत, आणि त्यांच्यामागे पळ्या घेतलेल्या बायका!

"आमन्या बिबड्या! थांब रे मेल्या!"

आता दैव बघा. त्या दिवसांत वाटेवरच्या कापडगिरणीत संप चालू होता आणि मिरवणुकांना बंदी होती. दरवाज्यापाशी बसलेल्या कामगारांनी सायकलवरचं लाल फडकं पाहिलं, मागे हातवारे करत धावणाऱ्या बायका पाहिल्या, आणि "जिंदाबाद!" म्हणत सगळे उठून मागे लागले. मोर्चाच निघाला! पुढारी मी!

बंदोबस्तावर वना हवालदार होता. पोट असं, की पट्टा कुठे बांधलाय ते त्याचं त्यालाच दिसत नसावं. मला हसूच आलं. हा मला धरणार? त्यानं एका दूधवाल्याची सायकल ओढून घेतली. कासंड्या तशाच लोंबत होत्या, दुधानं भरलेल्या! मी जोर लावला. डोळ्यांपुढे काजवे चमकेपर्यंत लावला. मागून कासंड्यांचा खणखणाट जवळ, आणखी जवळ आला, आणि हवालदार माझ्या पुढे जाऊन सायकल आडवी घालून उभा राहिला. घामाचा थेंब नाही! दूधही सांडलं नाही!

चौकीत फौजदार होते. कोकणातले, नवीनच बदलून आलेले. त्यांनी दरडावलं, "मागणी काय आहे तुमची?"

मला बोलायला श्वासच नव्हता. भिकुबाई पुढे झाली. "आमले आमन्या बठ्ठ्या बिबड्या जोयजेत!"

"बिबड्या?" फौजदार सावध झाले. "ही कुठली संघटना?"

"खावानी शे, साहेब!" भिकुबाईनं लुगड्यावरची एक उरलेली बिबडी सोलून त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी आधी हुंगली, मग खाल्ली, मग दुसरी मागितली. आणि मग तिचे डोळे भरून आलेले त्यांना दिसले. "साहेब, हळद तोंडवर उनी. आते मी पोरले काय देऊ?"

मी खाली मान घातली.

"याला सोडतो," फौजदार म्हणाले. "पण सगळ्या बिबड्या पुन्हा होईपर्यंत हा तुमच्या हाताखाली राबेल."

तेवढ्यात बन्सीलाल धापा टाकत आला. वाटलं, शिष्याची बाजू घ्यायला आला! तो माझ्याकडे न बघता सरळ वना हवालदारापाशी गेला. "हवालदारसाहेब, काय तुमची ती धाव! आणि कासंड्यांसकट काय ते वळण! बंद हंगामात माझ्याकडे तालीम घ्या, तोतारामचं काही खरं नाही!"

हवालदार लाजला. लगेच तयारही झाला!

आता रोज सकाळी ते दोघं जिनच्या आवारात शिट्टी वाजवत तालीम करतात. मीही तिथेच असतो. हातात काठी घेऊन, खाटांवरचे कावळे हाकत!