राजगलबताच्या नाळेवर खाऱ्या पाण्याची तोटी बसविल्याची हकीकत

सिंधूचे चरणी मस्तक ठेवोन आणि तळच्या चिखलाची आगाऊ क्षमा मागोन लिहिले जाते ऐसे जे, शके अठराशें नव्वद, कीलकनाम संवत्सरी, ज्या राज्याचे नाव पुढे एका भरतीने पुसोन नेले त्या राज्यात सरकारस्वारींचे पदरी एक मोटारगलबत होते. रंगाने इतके पांढरे की बगळे दर्शनास येत आणि लाजोन मागे फिरत. आत निजावयाच्या दोन खोल्या, एक मुदपाकखाना, गोड्या पाण्याची टाकी, आणि इंजीन ऐसे की निजल्या माणसाचे श्वासासारखे चाले, त्यामुळे गलबतावर चढला तो अर्धा स्वप्नातच असे. त्याचे सुकाणू तीस वर्षे गोमाजी तांडेलाचे हाती. आभाळात तारा नसावा, डोळ्यांपुढे किनारा नसावा, आणि गोमाजीने नांगर उचलिता उचलिता सहज म्हणावे, "मिठागराच्या तोंडाशी आलो," आणि धुके विरघळता समोर मिठागरच असावे. लोक म्हणत, दर्या तांडेलाच्या कानात सांगतो. गोमाजी नाही म्हणत नसे, कारण त्यासही तेच खरे वाटे.

परंतु सुखास नांगराचे दुःख लागले होते. त्या राज्याच्या खाड्यांचा तळ म्हणजे निव्वळ चिखल, आणि नांगर वर आला की साखळीच्या कडीकडीत तो भरलेला, मग गोमाजीने नाळेवर, म्हणजे गलबताचे पुढील टोकास, ओणवे होऊन दोरीने बालदी सोडावी, पाणी ओढावे, साखळीवर ओतावे, बोटांनी चिखल खरवडावा, आणि ऐशा चाळीस बालद्या जाहल्या म्हणजे पाठ सरळ करण्यास दोन माणसे लागावी. एके साली तर नांगरासवे इतका चिखल आला की मुदपाकखान्याचे लोकांनी त्यात रोपे लाविली आणि तीन पायली तांदूळ घेतला, आणि ज्यांनी तो भात खाल्ला ते अद्याप चालताना डुलतात. ऐसे चालिले असता एके दिवशी चिखलाचा एक थेंब उडाला तो सरकारस्वारींच्या मातुश्री आईसाहेब यांचे पावलावर. आईसाहेबांचे वय ऐंशी, लुगडे पांढरे, वाणी थोडकी. त्या बोलिल्या, "पुन्हा या फळ्यांवर चिखलाचा ठिपका दिसला तर तांडेलाला किनाऱ्यावर उतरवा. आणि परत चढवू नका."

 जमिनीवर गोमाजी तीस वर्षांत सलग दोन रात्री निजला नव्हता, कारण खाट हालत नसे, आणि न हालणाऱ्या खाटेवर त्यास आपण मेलो ऐसे वाटे. मग तो उठोन इंजिनाचा कारभारी हसनमियां मिस्त्री याजकडे गेला आणि म्हणाला, "मिस्त्री, पाण्यात बसून पाण्याला महाग झालो. काहीतरी कर." मिस्त्री विडी विझवोन म्हणाला, "तांडेलबुवा, तीस वर्षं मी हेच म्हणतोय. तुम्हाला बालदीचा मोह." मग मिस्त्रीने पंप आणिला, आणि घाईने टाकीस जोडिला, आणि साखळी चकचकीत जाहली, परंतु सायंकाळी कळो आले की पिण्याचे गोडे पाणी सारे नांगर प्यायला, आणि दरबारी मंडळींनी दोन दिवस शहाळ्यांवर काढिले. मग मिस्त्री म्हणाला, पाणी दर्याचेच घ्यावे. तेव्हा सरकारस्वारींस वाटले की गलबताचे पोटास भोक पाडोन समुद्रास आत बोलाविणार, आणि त्यांची मुद्रा पालटली. मिस्त्री म्हणाला, "सरकार, भोक आधीचंच आहे. इंजीन थंड राहायला रोज दर्याचं पाणी पितं. त्याच्याच नळीला तीन तोंडांचा जोड लावतो. एक घोट इंजिनाला, एक घोट तांडेलाला." सरकारस्वारी हसले, आणि आज्ञा जाहली, आणि मिस्त्रीने जोड बसविला, कोळंबी शिरो नये म्हणोन जाळी बसविली, बॅटरीपासोन जाड तार नेली, आणि नाळेवर पितळी तोटी लावोन तिला रबरी नळी जोडिली. तोटी उघडिली तो पाणी ऐसे उडाले की वरून जाणारा एक पापलेट खवले साफ होवोन मुदपाकखान्यात पडला, आणि फवाऱ्यात इंद्रधनुष्य उभे राहिले ते तीन दिवस मावळेना, तेव्हा परटिणींनी त्यावर लुगडी वाळत घातली. साखळी पाण्यातून वर येते तोच धुतली जाई, चिखल फळ्यांपावेतो पोचेना, आणि गोमाजी ताठ पाठीने नळी धरोन उभा राही आणि मनात म्हणे, आता मरेपर्यंत मला कोण उतरवितो.

मग माघी पौर्णिमा जवळ आली, आणि आईसाहेबांनी इच्छा सांगितली की एकवार माहेरची खाडी पाहावी. पन्नास वर्षे पाहिली नव्हती. त्या खाडीचे तोंडी वाळूचा बांध, दुपारचे भरतीसच काय ते गलबत आत शिरे, आणि शेजारी तैसेच दुसरे तोंड, त्यात पाण्याखाली खडकांची रांग. गोमाजी म्हणाला, "नेतो, आईसाहेब." प्रातःकाळी सरकारस्वारींसह निघाले, आणि धुके उतरले, आणि ते ऐसे दाट की नाळेवरून सुकाणू दिसेना, आणि इंजिनाचा आवाज कापसात गुंडाळला, आणि समुद्र आणि आकाश एकच पांघरूण घेवोन निजले. गोमाजीने नांगर टाकिला, कान दिला, नांगर उचलिला. सवयीने म्हणावयास तोंड उघडिले की आपण अमक्या ठायी आहो, आणि शब्द येईना. थोडे पुढे जावोन पुन्हा टाकिला, पुन्हा उचलिला, तोही स्वच्छ. तिसऱ्या वेळी नांगर आला तो नव्या नवरीचे पैंजणासारखा, आणि गोमाजीचे माथी काहीच उमटेना. मिस्त्री म्हणाला, "काय हो बुवा, दर्या बोलत नाही आज?" गोमाजी म्हणाला, "बोलतोय. मी बहिरा झालोय." आणि त्याने नकळत बोटे नाकाशी नेली, जैसी तीस वर्षे नेली होती, आणि बोटांस कसलाच वास नव्हता. तेव्हा त्यास उमगले की आपली विद्या कानात नव्हती, नाकात होती. मिठागराचा चिखल सुक्या बोंबलाचा, सुपारीबागांखालचा कुजल्या सालींचा, आणि आपण खरवडता खरवडता हुंगीत होतो, आणि तोच वास आपणच हौसेने धुवोन टाकिला. खाली आईसाहेब विचारीत होत्या, "आलं का?" आणि भरती चढत होती, आणि पुढे दोन तोंडे, एकात माहेर, एकात खडक.

गोमाजीने हाती धरलेल्या नळीकडे पाहिले, मग पांढऱ्या फळ्यांकडे पाहिले. "मिस्त्री, तोटी बंद कर." मिस्त्री म्हणाला, "बुवा, हुकूम काय आहे ठाऊक ना?" गोमाजी म्हणाला, "माझ्याच नावाचा आहे, मला ठाऊक नसेल? बंद कर." मग नांगर टाकिला आणि न धुताच उचलिला, आणि चिखल आला तो ढेकळांनी फळ्यांवर सांडला, काळा, थंड, झोपेतून उठविल्यासारखा सुस्त. गोमाजीने मूठभर घेतला, हुंगिला, आणि त्यात केवड्याचा वास होता. असा चिखल त्याने जन्मात हुंगिला नव्हता, यास्तव काय म्हणावे ते कळेना. तो आईसाहेब दारात उभ्या. त्यांनी फळ्या पाहिल्या, हात पुढे केला, आणि बोट चिखलात बुडवोन नाकाशी नेले, आणि डोळे मिटिले. मग म्हणाल्या, "हा आमच्या आगराखालचा. काठाला केवड्याचं बन आहे, कणसं सारी पाण्यात गळतात. ओहोटी तो दोन तोंडांच्या मधोमध आणून टाकते. आमचं तोंड इथून डावीकडचं. तांडेल, डावीकडे घे."

डावीकडे घेतले, आणि बांधावरून गलबत असे सरकले की वाळूने खालून पाठ थोपटावी, आणि धुके उठले, आणि केवड्याचे बन दिसले. मग आईसाहेबांनी विचारिले, "हुकूम काय होता?" सरकारस्वारी खाली मान घालोन बोलिले, "तांडेलाला किनाऱ्यावर उतरवावं, परत चढवू नये." "मग उतरवा," त्या म्हणाल्या, "मलाही उतरायचंय, हात धरायला कोणी हवं." दोघे उतरली आणि बनाखाली घोट्याएवढ्या चिखलात हिंडली, आणि ओहोटीआधी परतली. आईसाहेब प्रथम चढल्या, तैशाच पायांनी, आणि फळ्यांवर पावले उमटली. त्या लेकास म्हणाल्या, "आता मलाही उतरवणार का?" सरकारस्वारींनी वाकोन गोमाजीस हात दिला आणि वर ओढिला. मिस्त्रीने सवयीने तोटी उघडिली, आणि पाणी नळीतून पावलांकडे निघाले, तोच गोमाजीने नळीवर पाय दिला, आणि तो पाय माहेरची खाडी दिसेनाशी होईपर्यंत उचलिला नाही.

तात्पर्य इतकेच की तोटी कायम राहिली, गोमाजी कायम राहिला, आणि कायदा जाहला की नांगराचा पहिला हातभर चिखल आधी तांडेलाचे नाकास दाखवावा, मग धुवावा. ती पावले पुढे धुतली की आपोआप विरली याविषयी दोन मते आहेत. लिहिणाराने स्वतः हुंगोन पाहिले आहे, वास अद्याप आहे.